घराखालचे झरोके

वास आधी लागला तो पैठणीला. २०२३ च्या ऑगस्टची अखेर होती, शिकागोला एका मैत्रिणीकडे मंगळागौर होती, म्हणून कपाटातून साडी काढली तर तिला पावसाळ्यात बंद राहिलेल्या माळ्यासारखा वास. कपाटातली डांबरगोळी संपली असेल म्हणून मी तेवढ्यावर सोडून दिलं. चार दिवसांनी कपडे धुवायच्या मशीनपुढे उभी राहिले तेव्हा पायाखालची जमीन किंचित दबली. टाचेनं पुन्हा दाबून पाहिली. शिळ्या ढोकळ्यावर बोट टेकवल्यासारखं लागलं.

आमचं घर म्हणजे ज्याला इथे मॅन्युफॅक्चर्ड होम म्हणतात ते. कारखान्यात दोन अर्ध्या भागांत बनतं, रस्त्यावरून चाकांवर येतं आणि जागेवर आणून जोडतात. आम्ही उत्तर इंडियानात, एल्कहार्टजवळ राहतो. या भागात अशी घरं आणि आर. व्ही., म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्या बनवणारे कारखाने इतके आहेत, की माझा नवराही त्यातल्याच एकात काम करतो. १५ जून १९७६ पासून अशा घरांना केंद्र सरकारचे बांधकामाचे नियम लागू झाले. त्याआधीच्या घरांना मोबाइल होम म्हणायचे. कायद्यात नाव बदललं, लोकांच्या तोंडी मात्र अजून ‘ट्रेलर’च आहे. आमचं घर १९९७ चं, २४ बाय ५० फुटांचं, म्हणजे १,२०० चौरस फूट. घर आमचं, खालची जमीन पार्कची, म्हणजे अशा घरांच्या वसाहतीची, तिचं दर महिन्याला भाडं.

असं घर जमिनीवर बसत नाही. काँक्रीटच्या ठोकळ्यांचे खांब रचतात, त्यांवर लाकडी पाचरी मारून घराचे पोलादी आय-बीम टेकवतात. त्यामुळे जमीन आणि घर यांच्यात अडीच-तीन फुटांची पोकळी राहते. हीच क्रॉल स्पेस, रांगायची जागा. ती बाहेरून दिसू नये, तिथे उंदीर-रकून घुसू नयेत आणि थंडी वाजू नये म्हणून भोवती घागऱ्यासारखं जे लावतात ते स्कर्टिंग. आमचं व्हिनाइलचं, म्हणजे एका जातीच्या प्लास्टिकचं होतं, आणि आम्ही घर घेतलं तेव्हा उत्तरेकडच्या बाजूला चांगलंच फुटलेलं होतं. थंडीत व्हिनाइल काचेसारखं होतं. गवत कापायच्या यंत्रातून उडालेला एक खडा त्याला पुरतो.

त्या फुटलेल्या बाजूनं आम्हाला पहिल्याच हिवाळ्यात धडा दिला. २०२२ च्या नाताळात जे भयंकर वादळ आलं, त्यात इथला पारा शून्य फॅरनहाइटच्या खाली गेला, म्हणजे उणे अठरा सेल्सिअसच्याही खाली. सकाळी स्वयंपाकघरातला नळ नुसता खोकला. नवऱ्यानं दिवसभर केस वाळवायचं यंत्र घेऊन पाइपची सेवा केली, आणि संध्याकाळी रागारागानं स्कर्टिंगच्या सगळ्या भोकांवर आतून प्लास्टिक चिकटवून टाकलं. फुटक्या फळ्यांवर, बारीक भोकांच्या फळ्यांवर, झाडून सगळीकडे. पाणी पुन्हा गोठलं नाही. आम्ही खूश झालो आणि ते प्लास्टिक विसरलो.

इथे एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती जिवावरची आहे. या घरांतल्या काही गॅसच्या फर्नेस, म्हणजे घर तापवायच्या भट्ट्या, जळायला लागणारी हवा घराखालच्या पोकळीतून ओढतात. अशा घराची भोकं बुजवली तर काय होईल ते सांगायला नको. आमच्या फर्नेसची हवा छतावरच्या नळीतूनच येते, हे मला आठ महिन्यांनी कळलं. त्या रात्री कळलं असतं तर निदान झोप तरी उडाली असती.

तर ऑगस्ट. जमीन दबतेय म्हटल्यावर मी चिपळूणला बाबांना फोन लावला. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. व्हिडिओवर त्यांना बाहेरून घर दाखवलं, प्लास्टिक दाखवलं.

“अगं, कोंडलंयस की त्याला. काढ ते सगळं आधी. लाकूड आहे ना? मग वारा पाहिजे. जेवढा वारा तेवढं चांगलं.”

बाबांचा वाऱ्यावर फार विश्वास. जुलै २०२१ च्या पुरात आमच्या चिपळूणच्या घरात पाणी आलं होतं, आणि त्यानंतर त्यांनी दारं-खिडक्या, कपाटं, अगदी देव्हाऱ्याचे खणसुद्धा महिनोन्‌महिने उघडे टाकून घर वाळवलं होतं. मलाही ते पटलं. त्या शनिवारी आम्ही प्लास्टिक तर काढलंच, वर दोन्ही बाजूंच्या बारा-तेरा फळ्याच उपसून ठेवल्या. घर लुंगी वर खोचून उभं असल्यासारखं दिसायला लागलं.

दहा दिवसांनी वास कमी व्हायच्या ऐवजी वाढला. आणि आडव्या वाऱ्यानं सुकायला हवी होती ती खालची एसीची नळी टपटप गळायला लागली.

कोकणात वाढलेल्या बाईला हे कळायला दहा दिवस लागावेत, याची मला आजही लाज वाटते. पावसाळ्यात खिडक्या उघड्या टाकल्या म्हणून दोरीवरचे कपडे वाळतात का? डब्याचं झाकण उघडं राहिलं तर पापड कडक होतो की सादळतो? इंडियानाचा ऑगस्ट असाच असतो. बाहेर नव्वद फॅरनहाइट आणि हवा पाण्यानं जड. ती हवा घराखालच्या सावलीत, गार मातीला आणि एसीच्या थंड नळीला लागली की तिथेच पाणी सोडते. फ्रिजमधून काढलेल्या स्टीलच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसा. आम्ही ओल बाहेर जायला वाट केली नव्हती, आत यायला पायघड्या घातल्या होत्या.

त्याच आठवड्यात पार्कच्या ऑफिसचं पत्र दारावर चिकटलेलं मिळालं. स्कर्टिंग अपुरं आहे, तीस दिवसांत पूर्ण करा, नाहीतर दंड. पत्रात ‘योग्य वायुवीजनासह’ असे शब्द होते. योग्य म्हणजे किती, हे विचारायला मी ऑफिसात गेले, तर तिथल्या बाई म्हणाल्या, “सगळे जसं लावतात तसं लावा.” एका ठेकेदाराला बोलावलं. त्यानं घराभोवती एक चक्कर मारली, खाली एकदाही वाकून पाहिलं नाही, आणि आकडा सांगितला. तो आकडा ऐकून नवरा म्हणाला, “आपणच करू.” आपण म्हणजे कोण, ते पुढे येईलच.

पार्कमध्ये आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात. तीस वर्षं हीच घरं जागेवर बसवायचं काम केलेले. आम्ही घरात त्यांना दाढीवाले आजोबा म्हणतो. त्यांनी मला पहिल्यांदा स्वयंपाकघरातल्या एका कपाटाचं दार उघडायला लावलं. आतल्या बाजूला पिवळा पडलेला कागद चिकटवलेला: घर कुठे बनलं, कधी, किती बर्फाचा भार आणि किती वारा धरून बांधलं. “ही तुझ्या घराची जन्मपत्रिका,” अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणाले. आणि पुढे, “पहिला शब्द बनवणाऱ्याच्या पुस्तिकेचा. ती नसेल तर सरकारचा किमान नियम आहे, तो वाच. वाचत कुणी नाही.”

पुस्तिका आधीच्या मालकानं ठेवली नव्हती. मग काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, इमारत विभागात फोन केला. तिथला माणूस चांगला निघाला. त्यानं सांगितलं, की केंद्राचे उभारणीचे नियम २००७ साली निघाले, ते मुळात नव्या घराच्या पहिल्या उभारणीसाठी आहेत, पण तुमच्यासारख्या जुन्या घराचं काम तपासताना आम्ही तोच आधार धरतो. भाग ३२८५, त्यातलं कलम ५०५. परमिट घ्यावं लागेल, शेवटी इन्स्पेक्टर येईल.

रात्री जेवणं झाल्यावर मी ते कलम वाचायला बसले. प्रयोगशाळेत काम करत असल्यामुळे असली भाषा वाचायची सवय आहे, तरी पहिल्या ओळीलाच अडखळले. घराच्या दर १५० चौरस फूट क्षेत्राला कमीत कमी १ चौरस फूट निव्वळ हवेची वाट हवी. म्हणजे आमच्या १,२०० ला ८ चौरस फूट. ऐकायला काही फार नाही. पण ‘निव्वळ’ या शब्दात सगळी गोम आहे. जाळीच्या चौकटीचं माप नाही धरायचं, जाळीच्या पट्ट्या वजा करून मधल्या फटींची जी बेरीज उरते ती धरायची. दुकानात १६ बाय ८ इंचांची जी झडप मिळते, तिच्या खोक्यावर निव्वळ वाट ५० चौरस इंच लिहिलेली होती. चौकट १२८ ची, वाट ५० ची.

बाबा फोनवर होतेच. तिकडे सकाळ, त्यांचा चहा चालला होता.

“आठ गुणिले एकशे चव्वेचाळीस किती?”

“एक हजार एकशे बावन्न.”

“भागिले पन्नास.”

“तेवीस आणि वर थोडं. म्हणजे चोवीस झडपा, बाबा.”

पलीकडून बशीत कप ठेवल्याचा आवाज आला. घराचा घेर १४८ फूट. चोवीस झडपा म्हणजे दर सहा फुटांवर एक. नवरा सोफ्यावरून म्हणाला, “घर बांधतोय की चाळण?”

आणि मग पुढची ओळ वाचली. घराखालच्या सगळ्या जमिनीवर ६ मिल जाडीचं पॉलिथिन अंथरलं असेल, तर हेच प्रमाण दर १,५०० चौरस फुटांना १ चौरस फूट इतकं कमी करता येतं. १५० आणि १,५००. आधी मला वाटलं छपाईची चूक आहे. तीनदा वाचलं. चूक नव्हती. दहापट फरक, आणि तो कशामुळे, तर इंचाच्या सहा सहस्रांश जाडीच्या एका प्लास्टिकमुळे. ८ चौरस फुटांच्या जागी ०.८. म्हणजे साधारण ११५ चौरस इंच. तीन झडपा.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे पाणी खालून येतंय. जमिनीतून. मी उगाच वाऱ्याच्या मागे लागलो.” चाळीस वर्षं बांधकाम खात्यात काढलेला माणूस असं म्हणतो तेव्हा मुलीला काय बोलावं सुचत नाही. मी म्हटलं, “तुमच्या जोत्यात चिरा आणि भरावच असतो, बाबा. तिथे पोकळीच नसते.” ते खरंही आहे. या अंगाची पोकळी आमच्या घरांना माहीतच नाही.

खरं सांगायचं तर त्याच भागातल्या कलम २०४ मध्ये नंतर आणखी एक गोष्ट सापडली. भोवती स्कर्टिंग लावून जागा बंद करणार असाल, तर हे जमिनीवरचं प्लास्टिक ऐच्छिक नाहीच. रखरखीत कोरडा प्रदेश सोडला तर ते टाकावंच लागतं. १९९७ मध्ये हा नियम नव्हता, त्यामुळे आमच्या घराखाली ते कधी टाकलंच नसेल, नाहीतर नंतर कधीतरी कुणीतरी काढून फेकलं असेल. आहे की नाही हे पाहायला खाली जायला हवं.

नवरा सहा फूट, आणि त्याची पाठ दुखते. मी पाच फूट. निवड करावीच लागली नाही.

खाली जायचं भोक एक फुटाचं होतं. नियमानुसार ते कुठल्याही बाजूनं १८ इंचांपेक्षा कमी चालत नाही आणि एकूण ३ चौरस फुटांपेक्षा लहान चालत नाही. कुणीतरी आधीच्या दुरुस्तीत फळी कापून आपल्या मापाचं केलं असावं. फळ्या काढलेल्याच होत्या म्हणून मी बाजूनं आत गेले. डोक्याला दिवा, तोंडाला मास्क, नवऱ्याचा कारखान्यातला अंगभर डगला, बाह्या चार वेळा दुमडलेल्या.

प्लास्टिक होतं. म्हणजे त्याचे अवशेष होते, खांबांच्या कडेनं. बाकी उघडी माती, आणि ती हातमोज्याला चिकटत होती. घराच्या पोटाला काळ्या कापडासारखं आच्छादन असतं, त्याच्या आत काचेच्या लोकरीचं इन्सुलेशन. ते तीन ठिकाणी फाटून लोंबत होतं. एकात उंदरांनी संसार थाटला होता. एसीतून निथळणारं पाणी एका बारीक नळीनं थेट मातीत पडत होतं, तिथे छोटं डबकं. आणि मशीनच्या बरोबर खाली, जिथे जमीन दबत होती तिथे, मला आधी वाटलं बर्फ पडलाय. राखाडी-पांढरा, मऊ, गुडघाभर. कपडे वाळवायच्या यंत्रातला कापूस होता तो. ड्रायरची नळी स्कर्टिंगच्या बाहेर काढलेलीच नव्हती. ती घराखाली उघडी सोडली होती. आठवड्याला पाच-सहा वेळा आम्ही चौघांच्या ओल्या कपड्यांतलं सगळं पाणी, वाफ करून, स्वतःच्याच घराच्या पोटात सोडत होतो.

मी तशीच पडून राहिले थोडा वेळ. वरून पोरीच्या धावण्याचा आवाज येत होता. बाहेरून नवऱ्यानं विचारलं, “दिसतंय का काही?” काय सांगणार? म्हटलं, “झरोक्यांचं नंतर बघू.”

कलम ५०५ च्या शेवटी हेही लिहिलेलं आहे: ड्रायरची नळी आणि जळणाला लागणाऱ्या हवेची नळी स्कर्टिंगच्या पार बाहेर गेली पाहिजे, आणि फर्नेस-एसी-गिझरचं निथळपाणी घराखाली साचता कामा नये. मी ते पहिल्या रात्री वाचलं होतं आणि ‘हे आपल्याला लागू नाही’ म्हणून पुढे गेले होते. आकडे असलेल्या ओळीच तेवढ्या महत्त्वाच्या, असा माझा शाळेपासूनचा समज.

लाकडातली ओल मोजायचं एक काटेरी टोकांचं यंत्र मिळतं, ते दाढीवाल्या आजोबांकडे होतं. मशीनखालच्या तुळईत टोचलं तर २४ टक्के. वीसच्या पुढे गेलं आणि तसंच राहिलं की लाकूड कुजायच्या वाटेवर, असा त्यांचा हिशेब. घराच्या दुसऱ्या टोकाला १७. तुळया अजून धड होत्या, वरची जमीन मात्र गेली होती. त्या काळातल्या पुष्कळ घरांत जमिनीला भुशाच्या दाबलेल्या फळ्या आहेत. त्या एकदा फुगल्या की परत बसत नाहीत.

मग कामाचा क्रम उलटा झाला. आम्ही निघालो होतो स्कर्टिंग लावायला, आणि पहिले तीन शनिवार-रविवार स्कर्टिंगला हातच लागला नाही.

ड्रायरला कडक पत्र्याची नळी घालून ती बाहेर काढली. तोंडाशी उघडझाप करणारं टोपण लावलं, जाळी नाही. जाळीत कापूस अडकतो आणि आग लागायचा धोका. एसीचं निथळपाणी बाहेर नेलं. फाटलेलं आच्छादन शिवलं नाही, त्यासाठी वेगळी चिकटपट्टी येते ती लावली. पोटावर नव्हे, पाठीवर झोपून, तोंडावर लोकर झेलत. याबद्दल जास्त लिहीत नाही. अजून अंगाला खाज सुटते.

जमिनीच्या उताराचं काम मात्र मला आवडलं. घरापासून पहिल्या १० फुटांत फुटाला अर्धा इंच उतार हवा, म्हणजे एकूण पाच इंच. एका कोपऱ्यात जमीन उलट घराकडेच उतरत होती. नवरा लेझरचं यंत्र भाड्यानं आणायला निघाला होता, पण बाबांनी व्हिडिओवरून पारदर्शक नळी मागवली. गवंडी वापरतात ती लेव्हल पाइप. नळीत पाणी भरलं, एक टोक माझ्या हातात, दुसरं पोरीच्या, आणि बाबा चिपळूणच्या पडवीतून “बुडबुडा काढ, बुडबुडा आहे मधे” म्हणून ओरडतायत. दाढीवाले आजोबा कुंपणापाशी उभे राहून हे पाहत होते. शेवटी त्यांनी स्वतःची नळी करायला माप विचारून घेतलं. त्या कोपऱ्यात दीड ढीग माती टाकून धुमसली.

मग प्लास्टिक. २० फुटी पन्हा आणि १०० फूट लांबीची एक गुंडाळी, काळी, ६ मिल. आधी खालची प्रत्येक गोष्ट बाहेर काढली: विटांचे तुकडे, जुन्या स्कर्टिंगच्या टोकदार कपच्या, बिअरचे डबे, लाकडाची एक पाटी ज्यावर १९९७ ची तारीख पेन्सिलनं लिहिलेली. लाकूड खाली ठेवायचं नाही, वाळवीला आमंत्रण. जोडावर एका पट्ट्यावर दुसरा १२ इंच चढवायचा. खांबांशी चिरा पाडून गुंडाळायचा आणि टेप मारायची. घर जमिनीला बांधून ठेवणारे पोलादी पट्टे असतात, त्यांच्याशीही तसंच. माझे गुडघे दोन दिवसांत सोलून निघाले, पण शेवटचा पट्टा टाकला तेव्हा जागा पहिल्यांदाच जागा वाटली. मातीचा वास थांबला, तो त्याच संध्याकाळी. वर घरात कळायला आठवडा लागला.

स्कर्टिंग त्यामानानं दोन दिवसांचं काम. वरती एक पट्टी, खाली जमिनीवर एक खाच असलेली पट्टी, आणि मधे एकमेकींत अडकणाऱ्या उभ्या फळ्या. आम्ही भोकांच्या फळ्या घेतल्याच नाहीत. सगळ्या सपाट घेतल्या आणि झडपा वेगळ्या लावल्या. कारण जिथे पाणी गोठतं अशा भागात झडपा उघडता-बंद करता आल्या पाहिजेत असं नियमच सांगतो, आणि भोकांच्या फळीला बंद करायचा एकच उपाय असतो: रागावलेला नवरा आणि प्लास्टिक.

हिशेबानं तीन झडपा पुरत होत्या. पण त्या किमान दोन समोरासमोरच्या बाजूंना असायला हव्यात, म्हणजे एका बाजूनं आलेली हवा दुसरीकडून निघेल. म्हणून चार लावल्या, लांब बाजूंना दोन-दोन, कोपऱ्यांच्या जवळ, जमिनीपासून जमेल तेवढ्या उंच. एक पायऱ्यांच्या मागे येत होती, ती सरकवली. दुकानातला मुलगा आणखी आठ घ्या म्हणत होता, “जास्त हवा कधीही चांगलीच.” मी हसले. सहा आठवड्यांपूर्वी मीही हेच म्हणत होते. मला विचाराल तर जमिनीवर प्लास्टिक असताना नियमाच्या फार पुढे जाऊ नये. आणि ते नसताना चोवीसच काय, अठ्ठेचाळीस लावल्या तरी आमच्या ड्रायरखालची ओल सुकली नसती.

व्हिनाइल उन्हात वाढतं आणि थंडीत आकसतं, म्हणून फळ्या वरच्या पट्टीत घट्ट बसवायच्या नाहीत, पाव इंच मोकळ्या सोडायच्या. शिवाय हिवाळ्यात जमीन गोठून वर उचलली जाते, तिलाही जागा हवी. नवऱ्याला वरच्या पट्टीच्या कडेनं सीलंट ओढायचा फार मोह होत होता, दिसायला छान. आजोबांनी हात धरला. बाहेरच्या भिंतीवरून उतरणारं पाणी तिथे अडलं तर ते भिंतीत शिरतं. स्कर्टिंग अशा रीतीनं लावायचंच नाही असंही नियमात आहे, पण हे मी वाचलेलं नव्हतं. त्यांनी पाहिलेलं होतं.

इन्स्पेक्टर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आले. चारही झडपा हातानं उघडून-मिटून पाहिल्या. ड्रायरचं टोपण पाहिलं. मग खाली जायचं दार. ते आम्ही नियमापेक्षा मोठं, २ बाय २ फुटांचं केलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. पण केलं होतं पुढच्या बाजूला, पार्किंगजवळ, सोयीचं म्हणून. ते म्हणाले, “पाण्याचा व्हॉल्व्ह कुठे आहे?” व्हॉल्व्ह मागच्या टोकाला. मधे दोन रांगा खांब. दार असं पाहिजे की त्यातून पाण्याच्या, विजेच्या जोडण्यांपर्यंत पोहोचता येईल. “जानेवारीत रात्री दोन वाजता तुम्ही इथून तिथवर सरपटत जाणार का?” त्यांनी मला विचारलं, नवऱ्याला नाही. कोण खाली जातं हे त्यांना माझ्या कोपरांवरून कळलं असावं. दार मागे हलवलं, एक दुपार गेली, दुसऱ्या फेरीत सही मिळाली. पार्कच्या ऑफिसला तिची प्रत दिली. त्या बाईंनी ती न वाचता फाइलीत घातली.

मशीनखालची जमीन नवऱ्यानं त्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत कापून काढली आणि प्लायवूड टाकलं. फेब्रुवारीत यंत्र पुन्हा मागून आणलं: तीच तुळई, १३ टक्के. दुसरं टोक १२. पाइप गोठला नाही, झडपा बंद होत्या आणि पाण्याच्या नळीला हीट टेप, म्हणजे नळी गरम ठेवणारी विजेची पट्टी, नव्यानं गुंडाळली होती. बाबांना आकडा कळवला तर त्यांनी तो वहीत लिहून घेतला, तारखेसकट.

पैठणी मी दोन दिवस सावलीत टाकली होती. वास गेला. नवरा म्हणतो, थोडा आहे.

राहिली एकच अडचण, ती म्हणजे झडपा वेळेवर उघडायची आठवण. तापमानानुसार आपोआप उघडणाऱ्या झडपाही मिळतात, चाळीस फॅरनहाइटच्या आसपास मिटतात आणि सत्तरच्या आसपास पूर्ण उघडतात, पण आम्ही पैसे वाचवून हाताच्या घेतल्या. आणि आमचा पूर्वेतिहास बघता कॅलेंडरवर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. शेवटी ठरवलं, फराळाचे डबे रिकामे झाले की झडपा बंद, आणि गुढी उतरवली की उघडायच्या. पाडवा मार्चमध्ये आला तर अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबायचं. २०२५ मध्ये तो ३० मार्चला आला, रात्री अजून गोठत होतं, तेव्हा थांबलो. ३० एप्रिलला अक्षय्य तृतीया. आमरसाचा डबा फोडून ठेवला आणि मी बाहेर पडले. तीन झडपा सहज सरकल्या. चौथी, उत्तरेची, मातीनं बसली होती. पोरीनं आतून खोबरेल तेलाची बाटली आणली, मी खाचेत दोन थेंब सोडले, आणि करकरत का होईना, ती उघडली.